नाताळचे हॅम्पर, 'काना' वाइन आणि मंडळीची फोन-यादी: सल्ला हवा आहे

खलासी_लाइन (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

नागपूरच्या सदर या भागातल्या एका चर्चच्या पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत, मी यंदा सेक्रेटरी आहे. मागच्या रविवारी उपासना संपल्यावर दोन तरुण भेटायला आले. नाताळासाठी गिफ्ट हॅम्पर बनवणारा त्यांचा धंदा आहे, आणि या वर्षी त्यांना 'खास ख्रिस्ती ग्राहकांसाठी' माल आणायचा आहे. बोलायला सभ्य, तयारी करून आलेले. कॅटलॉग टेबलावर उघडून ठेवला. वाइनची बाटली, लेबलवर काना गावच्या लग्नाचं चित्र, जिथे येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला. तीच बाटली बिनअल्कोहोलची. प्रभुभोजनाचे, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीचे, सीलबंद कप, वरच्या झाकणात भाकरीची चकती आणि खाली घोटभर रस. अभिषेकाचं तेल. यार्देन नदीचं पाणी. बायबलची वचनं छापलेले मग, टी-शर्ट, मोबाइलची कव्हरं.

त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चारही रविवारी कंपाउंडमध्ये स्टॉल, उपासनेतल्या सूचनांमध्ये एक घोषणा, आणि मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासद, कुटुंबांची फोन नंबरांसह यादी. बदल्यात विक्रीचे दहा टक्के आमच्या दुरुस्ती निधीला देतील. आमचं छप्पर पावसाळ्यात तीन ठिकाणी गळतं आणि निधीत फारसं काही नाही, हे त्यांना कुठून कळलं माहीत नाही, पण कळलं होतं.

कमिटीत दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, हे लोक नाहीतरी विकणारच, मग चर्चला चार पैसे का मिळू नयेत? दुसऱ्या बाजूला वाइन हा शब्दच नको आहे. मी दोन्हीकडे बसत नाही. वाइनचं मला वावडं नाही. पण ते लेबल पाहिल्यापासून मन शांत नाही, आणि का ते नीट सांगता येत नाहीये. पुढच्या शनिवारी बैठक आहे. तुमचे विचार मोकळेपणाने लिहा.

एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे प्रभुभोजनाचा रस एक मावशी करतात. इतवारीतून काळ्या मनुका आणून, घरी उकळून, गाळून. गेली सत्तावीस वर्षं. सीलबंद कप आले तर त्यांचं काम थांबेल. त्या स्वतः काही बोललेल्या नाहीत.

अजनी_रेल्वे

भाऊ, आमच्या लहानपणी अजनीच्या क्वार्टरमध्ये नाताळच्या पंधरा दिवस आधी आई जिंजर वाइन करायची. आलं, लवंग, दालचिनी, लिंबू, साखर, आणि रंगासाठी थोडी जाळलेली साखर. नावातच काय ती वाइन, चढायचं काहीच नाही. शेजारचे गुजराती, तेलुगू, मराठी सगळे प्यायचे. एका ताटात करंज्या, अनारसे, रोझ कुकीज आणि सोबत इवल्या ग्लासात जिंजर वाइन. ताट घरोघरी पोचवायचं काम आम्हा पोट्ट्यांचं.

हे सांगून राहिलो ते यासाठी की नाताळ आणि वाइन हे नातं कोणत्या कंपनीनं जोडलेलं नाही. ते घरात आहे. कंपनी फक्त त्याच्यावर लेबल लावून राहिली. म्हणून वाइनच्या नावानं घाबरू नका. पण यादी मात्र देऊ नका बाप्पा. माझा नंबर मी आजारीपणात पाळकसाहेबांनी यावं म्हणून दिला आहे.

धरमपेठ_वकील

मी ख्रिस्ती नाही, पण माझं शिक्षण हिस्लॉप कॉलेजमध्ये झालं आणि वर्गातल्या मित्रांमुळे सदरची नाताळची गर्दी दरवर्षी अनुभवतो. कायद्याची बाजू लिहितो. धर्माचं तुम्ही ठरवा.

अल्कोहोल असलेली वाइन कंपाउंडमधल्या स्टॉलवर विकणं सोडूनच द्या. विक्री फक्त परवानाधारकाला करता येते. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, आणि त्याच्या कलम २४ नुसार मद्याची जाहिरात करणं, शिफारस छापणं यावर बंदी आहे. म्हणजे चर्चच्या मासिक पत्रकात किंवा सूचनाफलकावर त्या बाटलीचं चित्र लावलं तर अडचण कंपनीइतकीच तुमचीही आहे. धार्मिक विधीत वापरायच्या वाइनसाठी त्याच कायद्यात वेगळी परवानगी आहे, पण ती विधीपुरती. तिच्या आडून हॅम्पर विकता येत नाही.

काहींना वाटतं की आता किराणा दुकानात वाइन मिळते. तसं नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन ठेवू द्यायचा निर्णय घेतला होता. मोठा विरोध झाला आणि तो प्रत्यक्षात आला नाही. त्या निर्णयातही प्रार्थनास्थळांच्या जवळची दुकानं आणि दारूबंदीचे जिल्हे वगळलेले होते.

जिल्ह्यांचा मुद्दा नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवावा. आपल्यापैकी अनेकांची सासर-माहेरं वर्धा, गडचिरोलीकडे आहेत. वर्ध्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरची २०१५ मध्ये लागलेली बंदी २०२१ मध्ये उठली. हॅम्परमध्ये बाटली असेल आणि तुम्ही ती नाताळाला वर्ध्याच्या व्याह्यांकडे घेऊन निघालात, तर तो गुन्हा आहे. कॅटलॉगमध्ये हे लिहिलेलं नसेल.

तेलाबद्दल: त्याने आजार बरा होतो असं कुठे छापलं असेल तर १९५४ चा औषधे व जादुई उपाय जाहिरात कायदा पाहा. आणि यादीबद्दल: २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी वापरायची. दुसऱ्या कामासाठी त्या माणसाची संमती लागते. कमिटीची नव्हे, त्या माणसाची.

ब्रँड_आणि_बाजार

मी वीस वर्षं मार्केटिंगमध्ये आहे, थोडी दुसरी बाजू मांडतो. श्रद्धा आणि बाजार यांचं नातं जुनं आहे आणि प्रत्येक वेळी ते वाईटच होतं असं नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण थॉमस वेल्च यांचं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावचे दंतवैद्य, मेथोडिस्ट मंडळीत प्रभुभोजनाची व्यवस्था पाहणारे. दारू सोडलेला माणूस वेदीपाशी येतो आणि त्याच्या ओठांना पुन्हा वाइनच लागते, हा तिथल्या मद्यविरोधी लोकांसमोरचा खरा प्रश्न होता. पण द्राक्षाचा रस टिकत नाही. सालीवरच यीस्ट असतं, रस ठेवला की आपोआप आंबतो. वेल्च यांनी १८६९ मध्ये पाश्चरची उष्णता देण्याची पद्धत रसाला लावली आणि न आंबणारा रस बाटलीत भरला. त्याला नाव दिलं 'बिनआंबवलेली वाइन'. चर्चेसनी फारसा घेतला नाही. पुढे त्यांच्या मुलानं तो 'द्राक्षरस' म्हणून सगळ्यांना विकला, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनानंतर त्याचा मोठा धंदा झाला. सांगायचं हे, की वस्तू एका खऱ्या गरजेतून जन्मली होती.

उलट उदाहरण ब्लू नन या जर्मन वाइनचं. १९२० च्या दशकात माइन्झच्या एका घराण्यानं लेबलवर नन म्हणजे धर्मभगिनींचं चित्र टाकलं. परदेशी ग्राहकाला जर्मन नावं वाचता येत नव्हती, चित्र लक्षात राहायचं. त्या वाइनचा मठाशी, व्रताशी काही संबंध नव्हता. चित्र कामाला आलं, बाटल्या जगभर गेल्या.

तुमचे ते दोन तरुण यांपैकी कोणत्या प्रकारात आहेत, हे त्यांना विचारा. सीलबंद कपांची गरज खरी असू शकते. कोविडच्या काळात जगभरच्या मंडळ्यांनी ते वापरले. आजारी, अंथरुणावरच्या लोकांकडे न्यायलाही सोयीचे. सरसकट नाही म्हणू नका.

मोहननगर

ब्रँडभाऊ, आमच्या कॅथलिक बाजूचं सांगते. मिस्सासाठी, म्हणजे आमच्या प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी, लागणाऱ्या वाइनचा नियम स्पष्ट आहे. द्राक्षांपासूनची, नैसर्गिक, खराब न झालेली, दुसरं काही न मिसळलेली. भाकर फक्त गव्हाची. ज्या धर्मगुरूंना अल्कोहोल चालत नाही त्यांना परवानगीने 'मुस्तुम' वापरता येतं. तो आंबायला लागलेला पण तिथेच थांबवलेला द्राक्षरस.

२०१७ मध्ये व्हॅटिकनने जगभरच्या बिशपांना एक पत्र पाठवलं होतं. त्याचं कारण या धाग्याशी थेट जोडलेलं आहे. पूर्वी हे पदार्थ ठरावीक मठ, ठरावीक धर्मभगिनी करायच्या. आता सुपरमार्केटात आणि इंटरनेटवरही मिळतात, तेव्हा ते कसे केले याची खातरजमा बिशपांनी करावी, असं त्यात होतं. म्हणजे वेदीवर काय येतं ते कोणी केलं हे माहीत असायला हवं, ही काळजी रोमपर्यंत आहे. तुमच्या मावशींच्या कपात काय आहे हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. सीलबंद कपात काय आहे हे कोण सांगणार?

दुसरी गोष्ट. आमच्याकडे रोझरी, मेणबत्ती, पदक विकत घेतात आणि मग फादरांकडे आशीर्वादासाठी नेतात. आधी आशीर्वाद आणि मग विक्री असं करत नाहीत. आशीर्वादाची किंमत वसूल केल्यासारखं होतं. म्हणून कॅटलॉगमध्ये तेलापुढे किंवा वाइनपुढे 'आशीर्वादित' असा शब्द आहे का, ते पाहा.

खलासी_लाइन

मोहननगर ताई, आत्ता काढून पाहिलं. तेलापुढे आहे. वाइनपुढे 'प्रभूच्या पहिल्या चमत्काराची चव' असं लिहिलं आहे. बहुतेक याच ओळीनं माझं मन अस्वस्थ झालं होतं.

जरीपटका_केक

मी जरीपटक्याहून. मार्टिननगरच्या आजूबाजूच्या ओळखीवरच माझा केकचा धंदा उभा आहे. वाचून थोडं वाईट वाटलं, म्हणून लिहिते.

नवरा गेल्यावर दोन मुलींचं शिक्षण मी प्लम केकवर केलं आहे. ऑक्टोबरमध्ये सुकामेवा भिजत घालते. काही रममध्ये, काही संत्र्याच्या रसात, कारण आपल्याकडे निम्म्या घरांना रम नको असते. संत्र्याचा रस मात्र ताजा, आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की. डिसेंबरात दिवसाला तीन-चार तास झोप. माझं पहिलं गिऱ्हाईक चर्चच्या दारातच मिळालं. महिला मंडळाच्या सेलमध्ये एक टेबल मिळालं होतं, तेवढंच. 'चर्चमध्ये विक्री नको' असा सरळ नियम केलात तर त्या कंपनीचं काही बिघडणार नाही. ती ऑनलाइन विकेल. माझ्यासारखीचं टेबल जाईल.

मीही ख्रिस्ती लोकांनाच विकते. नाताळ आहे म्हणूनच विकते. मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय, तो मलाही समजून घ्यायचा आहे.

काटोल_रोड_मलयाळी

ताई, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि उत्तर सोपं नाही. आमचं कुटुंब कोट्टायमकडचं, मी जन्मापासून नागपूरचा. आमच्यात नाताळाला घरची वाइन असते. केरळात २०१९ च्या डिसेंबरात अबकारी खात्यानं सूचना काढली की घरी वाइन आंबवून विकणं गुन्हा आहे, तेव्हा केवढी खळबळ झाली होती. त्याआधी दोन-चार वर्षं इंटरनेटवर 'अस्सल सिरियन ख्रिश्चन होममेड वाइन' म्हणून, म्हणजे केरळातल्या जुन्या ख्रिस्ती समाजाचं नाव लावून, जाहिराती दिसू लागल्या होत्या. आजीनं पाहुण्यांसाठी भरलेली बरणी आणि तिच्या जातकुळीचं नाव लावून विकलेली बाटली, यांत रसायनाचा काहीच फरक नाही. तरी आजीला ते आवडलं नसतं. ती म्हणायची, ही विकायची नसते, ओतायची असते.

तुम्ही केक विकता तो केक म्हणून. 'हा खाल्ला की तुम्ही जास्त चांगले ख्रिस्ती' असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत.

वर्धा_रोड

मी क्वचित लिहिते. बाबांबद्दल लिहायचं ठरवून दोन दिवस थांबले.

बाबा दारूत गेले. त्याआधी चार वर्षं ते सोडून होते, आणि त्या चार वर्षांत ते दर महिन्याला प्रभुभोजनाला पुढे जायचे. आमच्या मंडळीत मनुकांचा रसच असायचा. घरातले सगळे त्यांना जपून असायचे. एका नाताळाला शेजाऱ्यांकडून भेटीची टोपली आली. बाटली होती, वर मेंढपाळांचं चित्र आणि वचन. आईनं ती वचनामुळे फेकली नाही. वचन असलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची, म्हणून माळ्यावर ठेवली. पुढचं लिहिवत नाही.

देणाऱ्याचा दोष नव्हता. विकणाऱ्यालाही कोण कुठे जातंय हे माहीत नसतं. पण तुम्ही मंडळीची यादी दिलीत तर त्या यादीत आमच्यासारखं घर नक्की असेल. कोणतं ते पाळकसाहेबांना माहीत असतं. कंपनीला नसतं. बायबलमध्ये प्रेषित पौलानं रोमकरांच्या पत्रात लिहिलंय ना, भावाला अडखळण होईल असं काही खाऊ-पिऊ नये. ते आमच्या घरात भिंतीवर लावलेलं आहे. पण त्या बाटलीवर ते वचन नव्हतं.

ब्रँड_आणि_बाजार

वर्धा रोड ताई, तुमचं वाचून माझ्या आधीच्या प्रतिसादातली एक गोष्ट दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात अशा यादीला फार मोल असतं, कारण तिच्यासोबत विश्वास मिळतो. चर्चकडून आलेला मेसेज लोक उघडतात. दहा टक्के जे देतात ते स्टॉलच्या जागेचे नाहीत, त्या विश्वासाचे आहेत, आणि त्या मानाने ते फार स्वस्त आहेत. यादी एकदा गेली की परत घेता येत नाही. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कुणाकडे असेल. यावर माझं मत पक्कं आहे: यादी नाही म्हणजे नाही.

धागाकर्त्यांना एक कसोटी सुचवतो. युरोपातल्या ट्रॅपिस्ट या कॅथलिक संन्यासी पंथाच्या मठांची बिअर प्रसिद्ध आहे. त्यांच्या नावानं इतर लोक बिअर विकू लागले, तेव्हा १९९७ मध्ये मठांनी एकत्र येऊन आपलं चिन्ह ठरवलं. ते लावायचं तर वस्तू मठाच्या आवारातच, मठवासीयांच्या देखरेखीखाली बनायला हवी. पैसा त्यांच्या निर्वाहाला आणि उरलेला धर्मादायाला. कोण करतं, कुठे करतं, पैसा कुठे जातो, एवढे तीन प्रश्न. बेथलेहेमचं ऑलिव्हच्या लाकडावरचं कोरीवकाम तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांची भाकर आहे, ते या कसोटीला उतरतं. जरीपटका ताईंचा केकही उतरतो. काना गावचं चित्र छापलेली बाटली उतरते का, ते तुम्हीच पाहा.

अजनी_रेल्वे

योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काल रात्री पुन्हा वाचला. इतकी वर्षं वाचतो, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. काना गावचं लग्न आणि मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथणं, दोन्ही एकाच अध्यायात आहेत. आधी लग्नात द्राक्षारस, लगेच पुढे पित्याच्या घराचा बाजार करू नका म्हणून दोऱ्यांचा कोरडा.

आणि काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण, एकेकात आजच्या हिशेबानं ऐंशी ते सव्वाशे लिटर पाणी मावणारे. एवढा द्राक्षारस झाला, पण भोजनकारभाऱ्याला तो कुठून आला हे माहीत नव्हतं. पाणी काढणाऱ्या चाकरांना तेवढं माहीत होतं. पंगतीत कुणी उठून सांगितलं नाही की हा चमत्काराचा आहे.

मोहननगर

अजनीकाका, हे मी आमच्या प्रार्थना गटात वाचून दाखवणार आहे.

खलासी_लाइन

शनिवारची बैठक झाली. उशिरा लिहितोय, क्षमा असावी.

वकीलसाहेबांचा प्रतिसाद छापून नेला होता. दारूच्या बाटलीचा विषय दोन मिनिटांत संपला. बिनअल्कोहोलच्या बाटलीवर मात्र तासभर गेला. तिथे एक गोष्ट बोलण्यात आली, ती इथं सांगावीशी वाटते. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. एका ज्येष्ठ सभासदांच्या आठवणीत आहे की त्यानंतर आमच्याकडे प्याल्यात काय असावं यावरून बरीच चर्चा झाली होती. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, घरांना वाइनची सवय, इतरांना साध्या रसाची. शेवटी ज्याला दारूपासून लांब राहायचं आहे त्याचा विचार आधी, म्हणून मनुकांचा रस ठरला. म्हणजे मावशींचं ते पातेलं सवयीनं आलेलं नाही, एकमेकांना सांभाळून घेताना आलेलं आहे. आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

ठरलं ते असं. यादी कुणालाही द्यायची नाही, आणि तसं सभावृत्तात लिहून ठेवलं. वेदीवरून विक्रीची घोषणा नाही. तेल आणि पाणी नाही. बाटली, कोणतीही, नाही. सीलबंद कपांची एक छोटी पेटी घ्यायची, फक्त इस्पितळात आणि अंथरुणावर असलेल्यांसाठी, आणि तीही पाळकसाहेबांनी आतला रस, चकती पाहून पसंत केल्यावर. दुसऱ्या रविवारी महिला मंडळाचा सेल नेहमीप्रमाणे, मंडळीतल्या आणि शेजारच्या बायकांनी स्वतः केलेल्या वस्तूंचा, टेबलाचं भाडं न घेता. जरीपटका ताई, तुम्ही दुसऱ्या मंडळीच्या असलात तरी एक टेबल तुमच्यासाठी ठेवलं आहे. नक्की या.

त्या दोन तरुणांना मी स्वतः फोन केला. त्यातला एक थोडा नाराज झाला. दुसऱ्यानं विचारलं की मग आम्ही काय विकावं. मी म्हटलं, चित्र आणि ती ओळ काढून साधा द्राक्षरस म्हणून विका, दुकानात दिसला तर मी स्वतः घेईन. छपराचं तसंच आहे. पत्रे आणि मजुरीचा अंदाज मागवला आहे, वर्गणी काढावी लागेल.

वर्धा_रोड

धन्यवाद. आईला वाचून दाखवलं.

जरीपटका_केक

येईन. रमचा केक आणणार नाही, संत्र्याचाच आणेन.

एक विचारू का? मावशींनंतर रस कोण करणार?

खलासी_लाइन

तोच प्रश्न बैठकीत निघाला आणि त्या पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, कुणी शिकायला आलंच नाही तर मी कुणाला शिकवू. आता युवक संघातले तिघे जाणार आहेत. एक किलो काळ्या मनुका, बिया आणि देठ काढून, कोमट पाण्यानं दोनदा धुवायच्या. रात्रभर तीन लिटर पाण्यात. सकाळी मंद आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत. कुस्करून दुहेरी मलमलीतून गाळायचं, पिळायचं नाही, नाहीतर गढूळ होतं. साखर घालायची नाही. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत भरायचं, आणि रविवारच्या आधीच्या शनिवारीच करायचं, आधी नाही.

पुढच्या शनिवारी पहाटे साडेपाचला त्यांच्याकडे जमायचं आहे. मनुका मी आणतोय.